दुसरी अक्कलदाढ

पद्मजा मगदूम भाषणाला उभी राहिली की जयसिंगपुरातल्या कुठल्याही सभागृहात खुर्च्या कमी पडायच्या. ती डॉक्टर नव्हती की प्राध्यापिका नव्हती. नवरा सन्मती याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान, स्वतःचं बी.कॉम. अर्ध्यावर सुटलेलं. पण ज्या घरात एडीएचडीचं पोर आहे, त्या घरात तिचं नाव डॉक्टरांच्या आधी निघायचं. मूल एका जागी बसत नाही, सांगितलेलं कानात शिरायच्या आत उठून पळतं, शाळेतून रोज तक्रार येते आणि नातेवाईक म्हणतात, 'आईनंच लाडावून ठेवलंय.' असल्या घरांतल्या आयांना पद्मजा धीर द्यायची. फुकट द्यायची आणि तोंडभरून द्यायची. तिचं ऐकून उठणाऱ्या बाईला वाटायचं, आपण इतके दिवस उगीच रडत बसलो होतो.

तिच्याकडे पुरावाही होता. धाकटा आर्जव. लहानपणी मंदिरात अभिषेक चालू असताना हा कळशी घेऊन पळाला होता. वर्गाच्या खिडकीतून उडी मारून मधल्या सुट्टीआधीच घरी आला होता. छत्र्या आणि पाण्याच्या बाटल्या किती हरवल्या हे मोजायचं सन्मतीनं कधीच सोडून दिलं होतं. तोच आर्जव आज, म्हणजे दोन हजार सेहेचाळीस साली, पंचविशीत उसावर फवारणी करणाऱ्या ड्रोनच्या दुरुस्तीचं दुकान चालवत होता. शिरोळ तालुक्यात कुणाचा ड्रोन उसात कोसळला की लोक त्याचंच दार ठोठावत.

हे कसं घडलं ते सांगायची वेळ आली की पद्मजा आवाज थोडा खाली आणायची.

"मी काय केलं सांगू? माझी थोरली, देशना. दीड वर्षानं मोठी, वर्गात पहिली येणारी, शहाणी. तिला मी चौथीत परत बसवलं. म्हणजे दोघं एका वर्गात, एका बाकावर. गुरुजींनी सांगितलेलं त्याच्या वहीत उतरतंय का, ती बघणार. डबा खाल्ला का, ती बघणार. तो उठला की शर्ट धरून खाली बसवणार. दहावीपर्यंत सावलीसारखी राहिली. गोळ्यांनी जे झालं नसतं ते बहिणीनं केलं. जनुकं नुसतं बी देतात, मशागत घराची."

इथं हमखास टाळ्या पडायच्या. कधीकधी देशना पुढच्या रांगेत असायची, आणि बायका मागून तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. ती मान खाली घालून हसायची. लाजाळू आहे, असं पद्मजा म्हणायची.

या गोष्टीत एक बनवाबनवी होती, ती मात्र भाषणात येत नसे. पहिली आलेल्या मुलीला परत त्याच वर्गात बसवायला शाळा तयार होईना, तेव्हा सन्मतीनं ओळखीच्या डॉक्टरांकडून काविळीचं सर्टिफिकेट आणलं होतं. वर्ष बुडालं म्हणून परत बसवतोय, असं कागदोपत्री झालं. मुलीलाही तसंच सांगायला शिकवलं होतं. चांगल्या कामासाठी थोडं इकडचं तिकडं करावं लागतं, असं तेव्हा दोघांना वाटलं होतं.

सांगलीत एक मनोविकार संशोधन केंद्र निघालं होतं. तिथल्या डॉक्टर निलोफर मुजावर यांनी पद्मजाला बोलावलं ते या भाषणांमुळंच. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, चहा दिल्यावर लगेच मुद्द्यावर येणाऱ्या बाई. त्यांचं यंत्र दाढा वाचायचं.

झाडाच्या खोडात जशी वर्षांची वलयं असतात तशी दाताच्या आत दिवसांची असतात, केसापेक्षा कितीतरी बारीक. मूल ज्या दिवसांत धास्तावलेलं असतं त्या दिवसांत त्याच्या रक्तात ताणाची रसायनं वाढतात, आणि त्यांचा अंश त्या दिवसाच्या थरात अडकून राहतो. थर एकदा बनला की बदलत नाही. सगळ्यांत उशिरा बनते ती अक्कलदाढ. नवव्या-दहाव्या वर्षी ती हिरडीच्या आत आकार घ्यायला लागते आणि विशीच्या आसपास पुरी होते. म्हणजे शाळेची बहुतेक सगळी वर्षं तिच्यात साठलेली असतात. यंत्र तिचा पातळ काप काढायचं, थर न् थर तपासायचं आणि पडद्यावर एक लांब पट्टी दाखवायचं. धास्तीचे दिवस काळे, बाकीचे दिवस फिके.

"पण नुसत्या दाढेनं भागत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "घरातल्या चौघांची लाळही लागेल. एडीएचडी बरंचसं आनुवंशिक असतं, जवळजवळ उंचीइतकं. एकच जनुक नाही, हजारो. प्रत्येकाचा भार चिमूटभर. त्या सगळ्या चिमटींची बेरीज म्हणजे त्या माणसाचा जनुकभार. आता गंमत बघा. आईबापांची निम्मी जनुकं मुलाला मिळतच नाहीत. ती कुठं जातात? आईबापांतच राहतात आणि त्यांच्या वागण्यातून घरात वावरतात. बापाचा विसरभोळेपणा मुलाच्या रक्तात आला नाही, तरी मुलाचा डबा घरी राहायचा तो राहतोच. रक्तातून काय आलं आणि घरातून काय आलं हे वेगळं करायचं तर सख्खी भावंडं लागतात. आईबाप तेच, घर तेच, जनुकांची वाटणी तेवढी वेगळी."

मशागतीची गोष्ट इतकी वर्षं तोंडानं सांगितली, आता यंत्र सांगणार, या विचारानं पद्मजा खूश झाली. दसऱ्याआधी सांगलीत पालकांचा मोठा मेळावा होता. तिथं मगदूमांच्या दोन्ही मुलांच्या दाढा पडद्यावर दाखवायच्या, असं ठरलं. दोघांच्याही दाढा आडव्या आल्या म्हणून पूर्वी काढलेल्या होत्या आणि डबीत जपून ठेवलेल्या होत्या. आर्जव म्हणाला, "न्या की, मला काय करायचीय." देशना कोल्हापुरात असते, तिला फोन केला. तीही हो म्हणाली. निकाल कुणाच्या हाती द्यायचा, असं केंद्रानं विचारलं तेव्हा तिनं कळवलं, "आईकडं द्या. माझ्याकडून हरवेल."

देशनाच्या दोन नोकऱ्या सुटल्या होत्या. दोन्ही ऑफिसातल्या, दोन्ही वेळेला 'लक्ष नसतं' असं सांगून काढलेलं. तिसरी नदीवरची होती. पुराचा इशारा देणारी मापकं पंचगंगेच्या काठानं बसवलेली, ती तपासत हिंडायचं. ही नोकरी मात्र टिकली. झोपेसाठी ती गोळ्या घ्यायची, पण त्याबद्दल घरात फारसं कुणी बोलत नसे. आता देवगडला खाडीतल्या भरती-मापकांचं कायमचं काम तिला मिळत होतं. इकडं आर्जवचं दुकान वाढलं होतं, आणि हात सोन्याचा असला तरी ऑर्डरी, सुटे भाग, गिऱ्हाइकांना दिलेले वायदे यांत तो गटांगळ्या खात होता. पद्मजानं फोनवर सांगून टाकलं होतं, "देवगडला काय ठेवलंय? घरचं दुकान आहे. तू शेजारी बसलीस तर त्याचं निभेल." देशना "बघते" म्हणाली होती. देशनाचं 'बघते' म्हणजे 'हो', हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मेळावा झाला की ती देवगडला नकार कळवणार होती.

निकालाच्या दिवशी पद्मजा एकटीच सांगलीला गेली. पडद्यावर दोन पट्ट्या होत्या. एक फिकी, मधूनच एखादी रेघ. दुसरी अर्ध्याहून जास्त काळी.

पद्मजाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बिचारं माझं पोर. एवढं सोसलं त्यानं?"

"कुणी?"

"आर्जवनं. हे काळं झालंय ते."

डॉक्टर मुजावरांनी पट्टीखालचं नाव दाखवलं. "ही देशनाची आहे, मॅडम. फिकी आर्जवची."

पद्मजाला वाटलं, डब्यांची अदलाबदल झाली असणार. तसं ती बोलूनही गेली. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की दाढेत ज्याची त्याची जनुकं असतातच, मुलगी-मुलगा यात यंत्राची गल्लत होत नाही. मग त्यांनी काळा भाग जिथं सुरू होतो तिथं बोट ठेवलं.

"साधारण दहाव्या वर्षी, जूनच्या सुमाराला सुरू होतं. सुट्टीत विरळ होतं, शाळा उघडली की परत दाट. दहावीनंतर कमी होतं, पण जात नाही. त्या जूनमध्ये काही घडलं होतं का? आजारपण वगैरे?"

"कावीळ झाली होती तिला," पद्मजा म्हणाली.

सतरा वर्षांची सवय होती. विचार करायच्या आत शब्द बाहेर पडला. डॉक्टरांनी पट्टीकडं परत एकदा पाहिलं. "कावीळ झाली असती तर या थरांत तिची खूण वेगळी दिसली असती. इथं तर नाही." एवढंच म्हणून त्या पुढं गेल्या. खोटं पकडलं गेलं होतं आणि पकडणारी बाई ते दाखवतही नव्हती. खुर्चीतून उठून जावं असं पद्मजाला वाटलं, पण पुढचं ऐकायचं राहिलं होतं.

"जनुकभार दोघांचा जवळपास सारखा आहे. देशनाचा किंचित जास्त."

"असं कसं? ती तर एका जागी बसायची."

"बसायची. मुलींचं पुष्कळदा असंच होतं. त्या पळत नाहीत, बसल्या जागी भरकटतात, आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करतात. हिला तर दोघांचं सांभाळायचं होतं. स्वतःचं लक्ष जागेवर ठेवायचं, त्यातून उरलेल्यात भावाचं ठेवायचं. तो चुकला तर बोलणी हिला बसणार. आर्जवची वलयं फिकी आहेत, कारण त्याची धास्ती दुसरं कुणीतरी घेत होतं." डॉक्टरांनी पडदा बंद केला. "तिला हे कळायला हवं. तिनं फॉर्मात झोपेच्या गोळ्या लिहिल्यात, त्यांनी यातलं काही सुटणार नाही. योग्य उपचार मिळाले, मनासारखं काम मिळालं, तर फरक पडेल. पण आधी तिला कळायला हवं. निकाल तुमच्या हाती द्या म्हणून तिनंच कळवलंय, तेव्हा आता ते तुम्हीच सांगायचं."

दारापर्यंत आल्यावर पद्मजानं विचारलं, "आणि हा भार कुणाकडून आला? मगदूमांकडून ना?" आर्जवनं काही उद्योग केला की 'मगदूमांचं रक्त' म्हणायची तिची जुनी रीत होती.

"थोडा त्यांच्याकडून. बराचसा तुमच्याकडून."

सन्मती दुकानात पाणबुडी मोटारीत तांब्याची तार भरत बसला होता. पद्मजानं त्याला सगळं सांगितलं, डॉक्टरांपुढं आपण कावीळ म्हणून गेलो तेही सांगितलं. त्याचे हात थांबले.

"मग सांग की तिला. आत्ताच फोन लाव."

"मेळावा होऊ दे."

"मेळाव्याचा काय संबंध?"

जे मनात होतं ते पद्मजाच्या तोंडून निघालं. "हे कळल्यावर ती दुकानात येईल का हो बसायला?"

बोललेलं स्वतःच्याच कानांवर पडल्यावर तिला इतकी शरम वाटली की तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. मुलीच्या दाढेत सगळी शाळा काळी झालेली पाहून ती घरी आली होती, आणि घरी येऊन हिशेब काय, तर मुलगी अजून पुढं कामाला येईल का.

"न्हाई येणार," सन्मती म्हणाला. त्यानं तार परत हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. "सर्टिफिकेट मी आणलेलं. तुझ्या एकटीचं न्हाई ते. पण बोलायचं तूच. तुझंच ऐकत आलीय पोरगी."

शरम वाटली म्हणजे माणूस लगेच सुधारतो असं नाही. पुष्कळदा तो आधी झाकाझाक करतो. पद्मजानं दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून सांगितलं की मेळाव्यात फक्त आर्जवची दाढ दाखवा, देशना जरा संकोची आहे. डॉक्टर म्हणाल्या, "दाखवता येईल. तिचा निकाल तिच्या परवानगीशिवाय मी तसाही दाखवला नसता. पण एकच दाढ दाखवून काय सिद्ध होतं, असं कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही." कुणी विचारणार नाही, हे पद्मजाला माहीत होतं. लोक टाळ्या वाजवायला आलेले असतात.

मेळाव्याला सभागृह गच्च भरलं होतं. आर्जव दुकान सोडून आला नव्हता. देशना कोल्हापूरहून थेट आली होती, पायांत नदीवरचेच बूट, पुढच्या रांगेत कडेला बसलेली. पडद्यावर आर्जवची फिकी पट्टी आली. जनुकभार एवढा जड असून मुलाची शाळेची वर्षं इतकी शांत गेली, हे डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि त्या खाली बसल्या. पद्मजानं नेहमीचं भाषण केलं. चौथीचा किस्सा गाळायचा असं तिनं ठरवलं होतं, पण जीभ सरावाची होती. तो आला, आणि टाळ्याही आल्या. देशनाही वाजवत होती.

मग मधल्या रांगेतली एक बाई उठली. कुरुंदवाडची होती. तिच्या एका हाताला नऊ-दहा वर्षांची मुलगी, मुलीच्या पलीकडं धाकटा मुलगा. मुलगा खुर्चीवर चढून मागं वळून बघत होता आणि मुलीनं त्याचा शर्ट पाठीमागून मुठीत धरला होता.

"ताई, तुमचं भाषण मी मोबाईलवर ऐकलेलं," ती बाई म्हणाली. "यंदा जूनपासून आम्ही पण हिला परत चौथीत बसवलंय, याच्या शेजारी. वर्गात दुसरी आलेली, पण ऐकलं तिनं. आता याच्या तक्रारी कमी झाल्यात. तुमचे उपकार झाले बघा."

लोकांनी माना डोलावल्या. पद्मजा माइकजवळ उभी होती. ती मुलगी तिच्याकडं बघत नव्हती, तिचं सगळं लक्ष मुठीतल्या शर्टावर होतं. देशनानं कसं धरलं असेल हे पद्मजानं कधी पाहिलंच नव्हतं, कारण ती त्या वर्गात कधी नव्हती. ती घरी होती, आणि घर शांत झालंय याचा तिला आनंद होता.

"काढा तिला त्या वर्गातून," ती म्हणाली.

बाईला कळलं नाही. "काय म्हणालात?"

"तिला तिच्या वर्गात बसवा. मी केलं ते चुकीचं होतं. मी सांगत आले तेही चुकीचं होतं. कुणी तसं करू नका."

पुढं बोलायचं तर देशनाचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि जे अजून तिला सांगितलं नव्हतं ते पाचशे लोकांना सांगायचा हक्क पद्मजाला नव्हता. ती तशीच उभी राहिली. तेवढ्यात अध्यक्षांनी माइक घेतला. "बघा, किती मोठं मन. इतकं यश मिळवूनही स्वतःकडं दोष घ्यायची तयारी." आणि पुन्हा टाळ्या सुरू झाल्या, आधीपेक्षा मोठ्या. पद्मजाला वाटलं, कुणीतरी उठावं आणि आपल्याला चार शब्द सुनवावेत. कुणी उठलं नाही. कुरुंदवाडची बाई मात्र गोंधळून उभीच होती. "पण मग याच्याजवळ बसायचं कुणी?" तिनं विचारलं, पण तोवर आभार सुरू झाले होते.

सभागृहाच्या मागं चहाची सोय होती. देशना कागदी कप घेऊन भिंतीशी थांबली होती.

"आई, माझी दाढ कुठाय?" तिनं विचारलं. "दोन दाखवणार म्हणाली होतीस."

पद्मजानं फोनवर तिची पट्टी उघडली आणि फोन तिच्या हातात दिला. मग सांगितलं. काळं म्हणजे काय, ते कुठं सुरू होतं, भार किती, गोळ्यांनी का जात नाही. भाषणात कधी न अडखळणारी बाई चार वाक्यांत तीनदा अडली. मेळाव्याच्या आधीच हा निकाल हातात होता, हेही तिनं सांगितलं. का लपवला, ते सांगितलं. दुकानाचं सांगितलं.

देशनानं पट्टी मोठी करून पाहिली, बोटानं पुढं-मागं सरकवली.

"म्हणजे मी आळशी नव्हते," ती शेवटी म्हणाली.

"न्हाई गं."

"मला वाटायचं, मी आतून आळशी आहे आणि कुणाला कळू देत नाही. प्रत्येक ऑफिसात वाटायचं, आता यांना कळणार." तिनं कप खाली ठेवला. "कावीळ झालेली म्हणून सांग, असं शिकवलं होतंस तू. वर्षभर माझ्या डब्यातलं कुणी खाल्लं नाही. पोरींच्या आयांनी सांगितलेलं त्यांना, कावीळवाल्या मुलीचं खायचं नाही."

पद्मजाला हे ठाऊक नव्हतं. "मला का नाही सांगितलंस?"

"तू आर्जवचं बघत होतीस."

डॉक्टरांचं शेवटचं वाक्य पद्मजाला आठवलं आणि ते तिनं बुडत्यासारखं धरलं. "ते माझ्याकडून आलंय तुझ्यात. मलापण बसवत नव्हतं बघ त्याच्याजवळ. दहा मिनिटं झाली की मी उठायची, कुकर लावायची, फोन करायची. म्हणून तर तुला..."

"तुला बसवत नव्हतं," देशना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला बसवतं का, हे विचारलं कुणी?"

जनुकांची ढालही गळून पडली. आठवड्यापूर्वीच पर्युषण संपून क्षमावाणी झाली होती. त्या दिवशी सगळे जैन एकमेकांची क्षमा मागतात, घरोघरी जाऊन, फोन करून, लहान-मोठा न बघता. पद्मजाच्या ओठांवर तेच शब्द आले, कारण दुसरे शब्द तिला माहीत नव्हते. "देशना, कळत-नकळत माझ्याकडून काही..."

"ते नको. ते आपण गेल्या आठवड्यात म्हटलंय. दरवर्षी म्हणतो. मी पण तुला उत्तम क्षमा म्हणते आणि तू मला लाडू देतेस." देशनानं आईकडं पाहिलं. "नकळत होतं का ते?"

बायका चहा घेऊन जात होत्या, एकीनं जाताजाता तिला नमस्कार केला.

"नाही," ती म्हणाली. "चौथीचा निकाल लागला त्या संध्याकाळी तू पेढे वाटून आलीस, आणि मी तुला परत चौथीत म्हणून सांगितलं. तुझा चेहरा बघितला होता मी. तू काही म्हणाली नाहीस, पण मला कळलं होतं. कळूनही बसवलं. आणि मग ते बरोबर होतं असं लोकांना सांगत सुटले, म्हणजे मला परत तो चेहरा आठवायला नको."

देशना रडली नाही. तिनं पट्टी स्वतःच्या फोनवर घेतली आणि आईचा फोन परत दिला.

"मी देवगडला जाणार. उद्याच कळवते."

"जा."

"आणि क्षमा केली असं मी आत्ता म्हणणार नाही. मला माहीत नाही अजून."

"नको म्हणूस," पद्मजा म्हणाली. कुणी क्षमा करेपर्यंत उभं राहायचं कसं, ते तिला येत नव्हतं, पण दुसरं काही करण्यासारखंही नव्हतं. देशना गर्दीतून वाट काढत कुरुंदवाडच्या बाईपाशी गेली. तिथं वाकून ती त्या मुलीशी काहीतरी बोलली. मुलीनं भावाचा शर्ट सोडला नाही, पण मान वर करून ऐकलं.

आर्जवला सगळं सांगितलं ते सन्मतीनं. तो ऐकता ऐकता हातातला स्क्रू ड्रायव्हर बोटांत गोल गोल फिरवत राहिला. "अक्काला असं होत होतं?" एवढंच त्यानं दोनदा विचारलं. मग त्यानं तिला फोन केला, आणि बोलायला काही सुचेना म्हणून खाडीत मगरी असतात का ते विचारलं.

देशना देवगडला रुजू झाली त्या सोमवारी पद्मजा आर्जवच्या दुकानात गेली. त्याच्या कामाच्या टेबलाशेजारी एक स्टूल ठेवलं होतं, देशनासाठी आणलेलं. त्यावर ती बसली. काम काही कठीण नव्हतं. तो एक ड्रोन उघडून दुसऱ्याकडं वळायला लागला की 'आधी हा' म्हणायचं. गिऱ्हाइकाला काय वायदा केलाय ते त्याला आठवून द्यायचं. लहान स्क्रू वाटीत पडतात की जमिनीवर, तिकडं नजर ठेवायची. पहिला ड्रोन पुरा झाला तेव्हा तिला बरं वाटलं. दुसऱ्याच्या वेळी तिच्या मनात आलं, घरी गॅस बंद केलाय ना. मग आलं, महिला मंडळाच्या बायकांना फोन करायचा राहिलाय. मग पाठीला रग लागली. पंखा जास्त आहे असं वाटलं, मग कमी आहे असं वाटलं. समोर आर्जव तारा जोडत होता, आणि त्याच्याकडं बघत राहणं हे तिला अंगावर मुंग्या आल्यासारखं झालं होतं. भिंतीवरच्या घड्याळात फार वेळ गेलेला नव्हता.

ती उठली. "जरा चहाचं बघते."

आर्जवनं मान वर केली नाही. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, जसं होतं तसं तो सांगत होता.

"आई, अक्का अशी मधनंच उठायची नाही."

पद्मजा परत स्टुलावर बसली.